हृदयासाठी रेड वाईन? त्यापेक्षा काळी द्राक्षं अशी खा

दिंडोरीत आमची बाग आहे. अर्ध्या रानात वाईनरीसाठी कॅबर्ने, अर्ध्यात खायची काळी, बिनबियांची शरद सीडलेस. त्यामुळे पाहुणे हमखास विचारतात, “हार्टसाठी रोज एक ग्लास रेड वाईन चांगली ना?” माझा माल वाईनरीला जातो, तरी सांगतो: हृदयासाठी म्हणून सुरू करू नका.

वाईनमधली अँटिऑक्सिडंट्स मुख्यतः सालातून आणि बियांतून येतात. बुरशीचा हल्ला झाला की वेल स्वतःच्या बचावासाठी सालात रेस्वेराट्रॉल नावाचं अँटिऑक्सिडंट तयार करते. काळा रंग देणारी अँथोसायनिन्सही तिथलीच. रेड वाईन सालासकट आंबवतात म्हणून ही द्रव्यं वाईनमध्ये उतरतात. पण किती? लिटरभर वाईनमध्ये रेस्वेराट्रॉल साधारण एक-दोन मिलिग्रॅम. माणसांवरच्या चाचण्यांत शेकडो मिलिग्रॅम देतात. १९९१ साली अमेरिकन टीव्हीवर ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ गाजला, म्हणजे फ्रेंच लोक चरबीयुक्त खाऊनही त्यांना हृदयरोग कमी, आणि त्याचं श्रेय रेड वाईनला. तिथून ती हृदयाला चांगली हा समज पसरला. दारूने कर्करोगाचा धोका वाढतो, आणि तिचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

द्राक्षातही औषधाचा डोस नसतो. पण साल, चोथा, रंगद्रव्यं असं अख्खं फळ पोटात जातं, आणि अल्कोहोल नाही.

घेताना देठ बघा. हिरवा असेल तर माल ताजा, तपकिरी वाळलेला असेल तर जुना. मण्यावरचा पांढुरका थर बोटाने पुसला की खालचा काळा रंग चमकतो. हा थर नैसर्गिक असतो, लोक त्यालाच फवारलेलं औषध समजून घड परत ठेवतात. फवारणीचा अंश मात्र राहू शकतो, म्हणून खायचा सोडा घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवा, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

साल काढू नका. थुंकूही नका, सावकाश चावा. ज्यूस केलाच तर गाळू नका. दिवसाला वाटीभर पुरे. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

एप्रिलनंतर द्राक्षं संपली की काळे मनुके, पावसाच्या तोंडावर जांभळं. आणि शेंगदाण्यातही रेस्वेराट्रॉल असतं, त्याच्या लाल सालात तर अँटिऑक्सिडंट्स भरपूर. कूट करताना दाणे भाजून चोळतो आणि सालं पाखडून टाकतो, ती टाकू नका. कूट जरा काळपट दिसेल, पण आमटीत काही कळत नाही.