बाळाला गुटी, बडीशेपेचं पाणी, हर्बल टी देताय? आधी या चुका टाळा

आमचं बाळ रात्री नऊ वाजले की रडायला लागायचं, पाय पोटाशी घेऊन, तोंड लालबुंद, आणि मग घरात जो तो वैद्य. सासूबाई म्हणाल्या ओवा-बडीशेपेचं पाणी दे, शेजारच्या काकू म्हणाल्या गुटी उगाळ, आणि मी आपली मोबाइलवरून 'बेबी हर्बल टी' मागवून मोकळी. डब्यावर गोंडस बाळ आणि '१००% नॅचरल'. मागची बाजू वाचली तिसऱ्या दिवशी! घटकांत पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन, आणि बडीशेप पार शेवटी. ही यादी वजनाप्रमाणे उतरत्या क्रमाने असते, म्हणजे मी बाळाला बडीशेप पाजतच नव्हते, तर स्टार्चपासून केलेली पावडर पाजत होते. जर्मनीत बाळांना बडीशेपेचा चहा द्यायची जुनी पद्धत आहे, पण तिथेही २०२० मध्ये बाळांच्या चहात साखर घालायला बंदी आली.

बरं, बडीशेप शुद्ध असली तरी चालते असं नाही. तिच्यात एस्ट्रागोल नावाचं नैसर्गिक रसायन असतं, जास्त प्रमाणात गेलं तर कॅन्सरची शंका असलेलं, आणि युरोपची औषध एजन्सी ४ वर्षांखालच्या मुलांना बडीशेपेचा चहा देऊ नका म्हणते.

त्याहून मोठी चूक चक्रीफुलाची. मसाल्यातलं आपलं चक्रीफूल वेगळं आणि जपानी चक्रीफूल वेगळं, जपानीमध्ये ॲनिसॅटिन नावाचं विष असतं आणि सुकलेली फुलं समोर ठेवली तरी नुसतं बघून खात्रीने ओळखता येत नाहीत. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने (एफडीए) २००३ मध्ये इशारा दिला तेव्हा चक्रीफुलाचा चहा पिऊन साधारण ४० जण आजारी पडल्याची नोंद होती, त्यात १५ तान्ही बाळं. उलट्या, झटके, डोळे विचित्र फिरणं. त्यामुळे कुणी 'दोन पाकळ्या उकळून दे' म्हटलं तर सरळ नाही म्हणा, वाईट वाटलं तर वाटू दे.

आता गुटी. यावर घरात भांडणं होतात, मला माहितीये. प्रॉब्लेम असा की सहाणेवर एक वेढा म्हणजे किती, हे उगाळणाऱ्याच्या हातावर आणि सहाणेच्या खरखरीतपणावर ठरतं. जायफळाचे दोन वेढे जास्त झाले आणि बाळ गाढ झोपलं की सगळे म्हणतात, 'बघ, गुण आला'. अहो, ती गुंगी असू शकते. वेखंडात बीटा-ॲसारोन असतं, प्राण्यांवरच्या चाचण्यांत कॅन्सरशी जोडलं गेलेलं रसायन, त्यावरूनच अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली. आणि गुटी मधात कालवणं तर नकोच, १ वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातल्या बोटुलिझमच्या (स्नायू लुळे पाडणारी विषबाधा) जंतूंचे बीजाणू घरच्या उकळण्यानेही मरत नाहीत. सहाण धुतली का, पाणी कुठलं, हे वेगळंच.

पाकिटावर काय बघायचं? आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन लायसन्स नंबर, बॅच, एक्सपायरी आणि घटकांची पूर्ण यादी हवीच. खाण्याचा पदार्थ म्हणून विकत असतील तर एफएसएसएआयचा (भारताची अन्नसुरक्षा संस्था) १४ आकडी नंबर. नुसतं 'आजीची रेसिपी' लिहिलेलं, पत्ता नाही, कुठल्या वयासाठी ते नाही, असं पाकीट कितीही सुंदर असो, परत ठेवा. आणि नंबर असला म्हणजे ६ महिन्यांच्या आत द्यायला परवानगी मिळाली असंही समजू नका, तोपर्यंत डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडून फक्त दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. एवढंसं पोट चहाने भरलं तर दूध कमी जातं आणि वजन अडतं, जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात.

आधीच दिलंय? घाबरू नका, आता थांबवा. बाळ नेहमीसारखं पितंय, दिवसाला सहाएक लंगोट ओले होतायत तर डॉक्टरांना फोन करून विचारा. पण उलट्या, उठवूनही न उठणं, अंग ताठ होणं, झटके, दूध ओढायची ताकद नसणं, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना, नाहीतर १०८. सोबत ते पाकीट घ्या, गुटी असेल तर उरलेली मुळंसुद्धा, कारण काय दिलं हेच कुणाला नीट सांगता येत नाही. आणि पोटात गेलेलं काढायला म्हणून बाळाला उलटी करवू नका.

रडणं म्हणाल तर ते साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत बहुतेकांचं आपोआप उतरतं. आमच्या बाळाला शेवटी काय लागू पडलं तर बाबांच्या हातावर पालथं घालून गॅलरीत फेऱ्या. सासूबाईंना अजून वाटतं ओव्याचाच गुण.