जुन्या रसायनशास्त्रीय निबंधाची खरी तारीख कशी काढावी

खंडावर छापलेल्या वर्षावर कधीच विसंबू नका. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा १७७५ सालचा खंड छापून निघाला १७७८ मध्ये. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने १७७५ च्या ईस्टरच्या सभेत वाचलेला निबंध मधल्या काळात बदललाही होता. म्हणून वाचन, दुरुस्ती आणि छपाई यांच्या तारखा वेगळ्या नोंदवा. अकादमीकडे ठेवलेली मोहोरबंद टिपणेही पाहा, अग्रहक्काचा, म्हणजे शोध आधी कोणाचा याचा, सर्वांत भक्कम पुरावा तिथेच सापडतो. गंधक आणि फॉस्फरस जळताना वजन वाढते, हे लाव्हाझिएने १ नोव्हेंबर १७७२ च्या अशाच टिपणात लिहिले होते.

फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातले (सप्टेंबर १७९२ पासून मोजलेले) वर्ष असेल, तर त्यात १७९१ मिळवा. १ जानेवारीपासूनच्या दिवसांसाठी १७९२. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील पत्रात पाण्याचे सूत्र ‘एचओ’ (HO) दिसले, तर ते H₂O असे दुरुस्त करू नका: तिथे हायड्रोजन १ मानून ऑक्सिजनचे वजन १६ ऐवजी ८ धरलेले असते.