टोमॅटोवरचा करपा असा आटोक्यात आला

नाशिकच्या काळ्या मातीत ऑगस्टमध्ये वाफ्यात पाणी तुंबतं आणि टोमॅटोच्या खालच्या पानांपासून करपा, म्हणजे पानं डागाळून वाळवणारा बुरशीचा रोग, वर चढतो. आधी वीतभर उंचीपर्यंतची पानं काढली. कंपोस्टात न टाकता लांब पुरली. मग एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक द्रावण. प्लास्टिकच्या बादलीत 5 लिटर पाणी, 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट). दुसरीत 5 लिटरमध्ये विरवून गाळलेला 100 ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतत ढवळायचं. लोखंडी खिळा बुडवून पाहा: तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर पानं जळतात. द्रावण त्याच दिवशी, उघडीप बघून फवारलं. कडेच्या झेंडूला फवारा नाही. चर खोदून निचरा दिला, तेवढ्यावर करपा थांबला.