वाफेच्या रोडरोलरचं मोठं मॉडेल: रंग आणि जोडणी कशी करावी

फुटाला चार इंच धरून, म्हणजे एक तृतीयांश मापात केलेल्या रोडरोलरचं लेथकाम सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत करून घेता येतं. रंग आणि जोडणी मात्र स्वतःच करावी. इथे घाई केली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते.

आधी बिनरंगाची जोडणी. सगळं यंत्र एकदा तसंच जोडा. फ्लायव्हील हाताने फिरवून कुठे अडकतंय ते बघा. ड्रिल, टॅप, कानस जे काही मारायचं ते आत्ताच. प्रत्येक भागावर न दिसणाऱ्या बाजूला नंबर पंच करा. बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणीही आत्ताच घ्या. नव्या मॉडेल बॉयलरला कामाच्या दाबाच्या दुप्पट दाब देतात. रंग चढल्यावर बारीक झिरप दिसत नाही. बॉयलर २५ लिटर किंवा मोठा असेल तर बांधण्याआधीच बॉयलर खात्याशी बोला.

सफाई आणि प्रायमर. सुटे केलेले भाग थिनरने पुसा आणि मग हातमोज्याशिवाय धरू नका. बिडाला आणि लोखंडाला रेड ऑक्साइड, पितळ-अ‍ॅल्युमिनियमला एच (etch) प्रायमर, म्हणजे गुळगुळीत धातूला धरून बसणारा. कास्टिंगचे खड्डे लांबीने (पुट्टीने) भरून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा. घासताना धातू उघडा पडला तर भाग लगेच कोरडा करून तिथे पुन्हा प्रायमर मारा, नाहीतर गंज धरतो.

रंग कुठे नको. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. रंगाचा एक हात साधारण ३०-४० मायक्रॉनचा. प्रायमर धरून चार हात झाले की बेअरिंगचं भोक व्यासात पाव मिलिमीटरच्या आसपास लहान होतं, आणि काल सहज गेलेला शाफ्ट आज जात नाही. म्हणून भोकात घट्ट गुंडाळलेला कागद, आट्यांत ग्रीस लावलेले जुने बोल्ट, सिलिंडरच्या तोंडांवर मास्किंग टेप. गिअरचे दात आणि रोलरची रस्त्याला टेकणारी बाजूही कोरी ठेवा. बोल्टने आवळायच्या दोन तोंडांमध्ये जाड रंग राहिला तर तो दबतो आणि बोल्ट सैल पडतात.

चाकाच्या आऱ्यांचे कोपरे आधी ब्रशने भरा, मग स्प्रे गन. सांगलीच्या पावसाळ्यात स्प्रेचं काम टाळाच. दमट हवेत रंगाची चमक मरते. उन्हाळ्यात सकाळी लवकर करा. हार्डनर मिसळायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारणार असाल तर तोंडाला रुमाल पुरत नाही, कार्ट्रिजचा मास्क हवा. चिमणी आणि स्मोकबॉक्सला (चिमणीखालच्या धुराच्या पेटीला) उष्णतारोधक सिलिकॉन रंगच लागतो. बॉयलरवरच्या पत्र्याला साधा इनॅमल चालतो, पण आत लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) नीट हवं: ७ बारला वाफ १७० अंशांची असते. पट्ट्या ओढायला ट्रक रंगवणाऱ्या पेंटरला बोलवा. तो हात अनेक वर्षांच्या सरावाचा असतो.

पुन्हा जोडणी. इनॅमल हाताला सुकला तरी आतून मऊ असतो; निदान आठवडाभर थांबा. प्रत्येक नटाखाली वॉशर, रिंग पान्याच्या तोंडाला टेप. शाफ्ट तेल लावूनच घाला. सिलिंडरच्या झाकणाचे नट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. एक भाग बसला की फ्लायव्हील फिरवून बघा, मगच पुढचा.

पहिला विस्तव मंद ठेवा. सिलिकॉन रंग तापून पक्का होताना धूर येतो, तो येऊ द्या. यंत्र पूर्ण गार झालं आणि दाब शून्यावर आला की सगळे नट एकदा तपासा.