ई. कोलायकडून डी-लॅक्टिक आम्ल: कोणती जनुके काढायची, अल्कली किती लागते

ऑक्सिजन नसला की ई. कोलाय हा जिवाणू ग्लुकोजपासून लॅक्टेट, अ‍ॅसिटेट, फॉर्मेट, सक्सिनेट आणि इथेनॉल अशी सरमिसळ करतो. डी-लॅक्टेट (डी-लॅक्टिक आम्लाचे क्षाररूप) बनवणारे एलडीएच-ए जनुक त्याच्याकडे मुळातच असते. म्हणजे बाहेरून काही घालायचे नाही, बाकीच्या वाटा तेवढ्या बुजवायच्या.

के-१२ या प्रयोगशाळेतल्या वाणातून पीएफएल-बी (फॉर्मेटची वाट), एडीएच-ई (इथेनॉलची), एफआरडी-बीसी (सक्सिनेटची) आणि एसीके-ए (अ‍ॅसिटेटची) ही जनुके काढा. मग ग्लायकोलिसिसमध्ये, म्हणजे ग्लुकोज फोडून पायरुव्हेट करताना, साठणारे एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू) मोकळे करायला पायरुव्हेटचे लॅक्टेट करण्यावाचून पेशीला गत्यंतर उरत नाही. वाढायचे तर आम्ल बनवावेच लागते, हीच या रचनेची खरी ताकद. पाचवे जनुक एमजीएस-ए हमखास राहून जाते. त्याच्यामुळे मेथिलग्लायॉक्झलच्या आडवाटेने थोडे एल-लॅक्टेट (डी-लॅक्टेटची आरशातली प्रतिमा) येते आणि साध्या एचपीएलसी कॉलमवर (द्रावणातले घटक वेगळे करणारी नळी) डी व एल एकाच पीकमध्ये दिसतात. शुद्धता तपासायला डी व एल वेगळे करणारा कायरल कॉलमच हवा.

जनुक काढण्यासाठी पीकेडी४६ प्लाझ्मिड (डीएनएचा तुकडा गुणसूत्रात जुळवणारी प्रथिने देणारे छोटे वर्तुळाकार डीएनए) असलेल्या पेशी ३० अंशांवर वाढवा, ती प्रथिने सुरू करायला १० मिलिमोलर अरॅबिनोज घाला. ओडी (पेशींमुळे येणारा गढूळपणा) ०.६ झाली की बर्फासारख्या थंड १० टक्के ग्लिसरॉलने तीनदा धुवा. क्षार उरले तर इलेक्ट्रोपोरेशनमध्ये (विजेच्या झटक्याने डीएनए पेशीत घालताना) ठिणगी उडते आणि पेशी वाया जातात. मध्ये कॅनामायसिन-प्रतिरोधाचे जनुक (मार्कर) आणि दोन्ही टोकांना काढायच्या जनुकाच्या शेजाराशी ४०-५० बेसचे साम्य असलेला पीसीआर तुकडा आधी डीपीएन-१ या मूळ प्लाझ्मिड कापणाऱ्या विकराने पचवा. नाहीतर पीसीआरसाठी साचा म्हणून वापरलेल्या मूळ प्लाझ्मिडच्याच खोट्या वसाहती उगवतात. १ मिलिमीटर क्युवेटला १.८ किलोव्होल्ट पुरे. बदललेल्या पेशी निवडायला कॅनामायसिन हे प्रतिजैविक २५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच ठेवा, कारण गुणसूत्रावर प्रतिरोधाची एकच प्रत असते. खात्री करताना प्रायमर जनुकाच्या बाहेरचे घ्या. मार्कर पीसीपी२० या दुसऱ्या प्लाझ्मिडने काढता येतो, मात्र एफआरटीचे (मार्कर जिथे कापला जातो त्या छोट्या डीएनए-क्रमाचे) व्रण मागे उरतात आणि ते वाढले की आपसांत जुळून गुणसूत्राचा मधला भागच उडवू शकतात.

किण्वन ३७ अंशांवर, पीएच ७ ला, हवा न देता, हलके ढवळत. १०० ग्रॅम ग्लुकोजपासून सिद्धांताने १०० ग्रॅमच आम्ल मिळते. ते १.११ मोल भरते, म्हणून ते उदासीन करायला ६ मोलर केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली) सुमारे १८५ मिलिलिटर लागते. टाकीत तेवढी जागा आधीच सोडा आणि उतारा (ग्लुकोजमागे मिळालेले आम्ल) काढताना वाढलेले आकारमान धरा. पीएच घसरला तर आयनांत न फुटलेले आम्ल पेशीच्या पटलातून आत शिरते आणि पेशी थंडावतात. पीएच ठीक असूनही शेवटी वेग मंदावला तर क्षारांचा ताण असतो. त्यावर माध्यमात १ मिलिमोलर बीटेन (पेशीला क्षारांपासून जपणारा पदार्थ) उपयोगी पडते. अ‍ॅसिटेट दिसू लागले तर आधी हवेची गळती शोधा, जनुके नंतर.