पोर्तुगाल समजून घेताना: चौदा पगार, अठरा पालिका आणि झाडावरचा आकडा

पोर्तुगालमध्ये २०२५ साली किमान वेतन महिना ८७० युरो होतं. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या, म्हणजे युरोस्टॅटच्या तक्त्यात मात्र त्याच वर्षी याच देशापुढे १,०१५ युरो दिसतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. तिथे नोकरदाराला वर्षाला चौदा पगार मिळतात: बारा महिन्यांचे बारा, सुट्टीचा एक आणि नाताळचा एक. ८७० गुणिले १४ म्हणजे १२,१८०, आणि त्याला बाराने भागलं की १,०१५. देशाचा अभ्यास या हिशेबापासून सुरू करावा, कारण पुढे लागणाऱ्या बहुतेक ठेचा याच जातीच्या आहेत. आकडा खरा असतो, पण तो कशाचा आहे हे आपण विचारलेलं नसतं.

हाच हिशेब पुढे नेऊ. ८७० मधून ११ टक्के, म्हणजे ९५.७० युरो, सामाजिक सुरक्षेसाठी कापले जातात. किमान वेतनावर प्राप्तिकर नाही, म्हणून हातात ७७४.३० पडतात. मालक वरून आणखी २३.७५ टक्के भरतो, म्हणजे त्याला हा माणूस महिन्याला सुमारे १,०७७ युरोंना पडतो. पगाराचा कुठलाही आकडा दिसला की तीन प्रश्न विचारा: बारा महिन्यांचा की चौदा, कपातीआधीचा की नंतरचा, मालकाचा खर्च की माणसाची कमाई? नोकरीचा प्रस्ताव हातात असेल तर वर्षाची एकूण रक्कमच मागा. काही कंपन्या ते दोन जादा पगार बारा हप्त्यांत वाटून देतात. मग महिन्याचा आकडा फुगलेला दिसतो आणि डिसेंबरात हाती वेगळं काही येत नाही.

आकडे कुठून घ्यायचे

तीन ठिकाणं पुरतात. लोकसंख्या, भाव, घरांच्या किमती यांसाठी राष्ट्रीय सांख्यिकी संस्था, म्हणजे आयएनई. कर्ज, व्याज, परदेशी व्यवहार यांसाठी बँक ऑफ पोर्तुगाल. आणि एखाद्या पालिकेची पन्नास वर्षांची वाटचाल एका नजरेत हवी असेल तर पोर्दाता हे संकेतस्थळ. स्पेनच्या संस्थेचंही लघुनाव आयएनईच आहे. शोधताना देशाचं नाव सोबत टाकलं नाही तर भलत्याच देशाचा तक्ता उघडतो, आणि तो शेजारचाच देश असल्याने आकडे पटकन खटकतही नाहीत.

मूळ पोर्तुगीज तक्ता वाचताना दोन गोष्टी घोटाळा करतात. दशांशाला तिथे स्वल्पविराम वापरतात आणि हजारासाठी टिंब किंवा मोकळी जागा. १.०१५,५० म्हणजे एक हजार पंधरा युरो आणि पन्नास सेंट. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. पोर्तुगालमध्ये 'बिलियाँव' म्हणजे दहा लाख कोटी... चुकलं, असंच चुकतं! एकावर बारा शून्यं, म्हणजे एक लाख कोटी. आपल्या अब्जाला ते 'मिल मिल्योंयश' म्हणतात, म्हणजे हजार दशलक्ष. ब्राझीलमध्ये मात्र जवळजवळ तसाच शब्द अब्जासाठी चालतो. ब्राझीलच्या बातमीतला आकडा पोर्तुगालच्या तक्त्याशेजारी ठेवलात तर हजारपटीचा फरक पडू शकतो.

अर्थव्यवस्थेचा आलेख वाचताना सुरुवातीचं वर्ष जपून निवडा. २०२० मध्ये उत्पन्न ८ टक्क्यांहून जास्त घसरलं होतं, म्हणून तिथून मोजलं की पुढची वाढ डोळे दिपवते. त्यापेक्षा २००७, २०१३ आणि २०१९ ही वर्षं शेजारी मांडा. २०११ मध्ये देशाला ७८ अब्ज युरोंची मदत घ्यावी लागली, २०१३ मध्ये बेकारी १६ टक्क्यांच्या वर गेली, मे २०१४ मध्ये मदतीचा कार्यक्रम संपला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या १३० टक्क्यांपलीकडे गेलं होतं, ते २०२३ मध्ये १०० टक्क्यांच्या खाली आलं. चाळिशीतला पोर्तुगीज माणूस नोकरी, घर आणि परदेश यांविषयी जे बोलतो, त्यातलं बरंचसं या चार ओळींशिवाय कळत नाही.

एक उद्योग मुळापासून बघा

दहा उद्योगांची यादी पाठ करण्यापेक्षा एकच धंदा टोकापासून टोकापर्यंत बघितलेला बरा. त्यासाठी बुचाचा उत्तम. जगातलं निम्म्याच्या आसपास बूच एकट्या पोर्तुगालमध्ये निघतं.

बूच म्हणजे एका जातीच्या ओक वृक्षाची साल. झाडाचा घेर जमिनीपासून १.३० मीटर उंचीवर ७० सेंटिमीटर झाल्याशिवाय पहिली साल काढता येत नाही, आणि त्याला साधारण २५ वर्षं लागतात. त्यानंतर दोन सोलण्यांत किमान नऊ वर्षांचं अंतर ठेवावं लागतं. पहिली साल खडबडीत आणि दुसरीही बाटलीच्या बुचाला न चालणारी. चांगलं बूच तिसऱ्या सालीपासून मिळतं, तोवर झाड चाळिशी ओलांडून गेलेलं असतं. सोलण्याचा हंगाम मे ते ऑगस्ट. काम कुऱ्हाडीने होतं आणि घाव आतल्या जिवंत थरापर्यंत गेला तर झाडाला कायमची इजा होते, म्हणून हे कसबी मजुराचं काम आहे.

आलेंतेजु भागात गाडीतून जाताना लालसर तपकिरी, सोललेल्या खोडांवर पांढऱ्या रंगात एकेक अंक दिसतो. तो सोलल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक. ४ म्हणजे २०२४, पुढची साल २०३३ मध्ये. कच्चा माल असा दक्षिणेत पिकतो, पण कारखाने मुख्यतः उत्तरेत पोर्तुजवळच्या सांता मारिया दा फैरा परिसरात आहेत. देशाची ठेवणही थोडीफार अशीच आहे: दक्षिणेत मोठाल्या जमिनी आणि विरळ वस्ती, उत्तरेत लहान शेतं, दाट गावं आणि कौटुंबिक कारखाने. फेल्गैराशला पादत्राणं, गिमारायशकडे कापड, पासुश द फरैराला फर्निचर, आणि थोडं खाली, देशाच्या मध्य भागात मारिन्या ग्रांदला काच आणि साचे. याला मोठा अपवाद म्हणजे लिस्बनच्या दक्षिणेला पाल्मेलातला फोक्सवागेनचा मोटार कारखाना.

शहर म्हणजे नक्की किती?

लिस्बनची लोकसंख्या किती? २०२१ च्या जनगणनेत ५.४६ लाख. किंवा २८.७ लाख. पहिला आकडा सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या लिस्बन पालिकेचा, दुसरा १८ पालिकांच्या महानगर क्षेत्राचा. पोर्तु तर आणखी फसवं: पालिका २.३२ लाखांची, महानगर सतरा लाखांवर, आणि नदीपलीकडच्या गाया पालिकेत खुद्द पोर्तुपेक्षा जास्त लोक राहतात. ठाणे आणि नवी मुंबई वगळून मुंबईची गर्दी मोजावी तसा हा प्रकार. घरभाडं, गुन्हे, परदेशी रहिवासी, कशाचीही तुलना करताना पालिकेला पालिका आणि महानगराला महानगर लावा.

लिस्बन बघायचं तर ट्रामच्या रांगेत उभं राहण्याआधी सकाळी साडेसातला रोसिउ स्थानकावर जा. सिंत्राहून येणाऱ्या लोकलमधून शहर साफ करणारे, बांधणारे आणि वाढपी लोक उतरतात. काइश दु सुद्रे धक्क्यावर नदीपलीकडच्या कसील्यशहून येणाऱ्या फेरीबोटीवर तसंच. २०१९ पासून अठराही पालिकांत ४० युरोंच्या मासिक पासात मेट्रो, बस, लोकल आणि बोट चालते. त्या पासाने भाड्याचा हिशेब बदलला, कारण लांब राहणं परवडू लागलं.

लिस्बनहून पोर्तुला आगगाडीने तीन तासांच्या आसपास लागतात. वेगवान गाडी तिथे कांपान्या स्थानकावर थांबते, शहराच्या मध्यातल्या निळ्या फरशांच्या साँव बेंतु स्थानकासाठी तिथे गाडी बदलावी लागते. गायाच्या वखारींत पोर्ट वाइन मुरते. तिथल्या सुमारे ५५० लिटरच्या लाकडी पिपाला 'पिपा' म्हणतात. आपलं पिंप तिथूनच आलेलं. १९८६ पर्यंत ही वाइन गायामार्गेच निर्यात करायचं बंधन होतं, म्हणून वखारी द्राक्षमळ्यांपासून इतक्या दूर आहेत.

एक म्हण तिथे कुणीही ऐकवेल: पोर्तु राबतं, ब्रागा देवाचं करतं, कोइंब्रा शिकतं आणि लिस्बन मजा मारतं. उत्तरेकडच्या माणसासमोर ती म्हणून बघा, पुढचा अर्धा तास तोच बोलेल.

घर शोधताना 'टी-२' म्हणजे दोन शयनगृहं आणि बैठक, आपलं टू बीएचके. 'टी-०' म्हणजे एकच खोली. पत्त्यात मजल्यानंतर डावं की उजवं लिहिलेलं असतं. ते गाळलंत तर पत्र शेजाऱ्याकडे जातं.

माणसं

जनगणनेनुसार लोकसंख्या १,०३,४३,०६६, आणि दर १०० मुलांमागे १८२ ज्येष्ठ. हा आकडा किनाऱ्यापासून आत गेलं की डोळ्यांना दिसतो. गावात दवाखाना चालू, शाळा बंद. मग ऑगस्टमध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या नंबरपाट्यांच्या गाड्या येतात आणि महिनाभर गाव भरतं. एखादं गाव फक्त ऑगस्टमध्ये बघून मत बनवू नका.

तिथे 'भारतीय' म्हणजे कोण, हेही विचारावं लागतं. लिस्बनमधले जुने गुजराती बरेचसे मोझांबिकमार्गे आलेले. गोवेकर कुटुंबं वेगळी. २०१५ ते २०२४ पंतप्रधान असलेले आंतोनियु कोश्ता यांचं वडिलांकडचं मूळ मडगावचं. आणि दक्षिणेतल्या ओदेमिराच्या हरितगृहांत रास्पबेरी खुडणारे भारतीय आणि नेपाळी मजूर अलीकडचे. या तिघांना एकाच आकड्यात कोंबलं की काहीच कळत नाही.

बोलताना सर्वांत जपायचा शब्द 'व्हॉसे', म्हणजे समोरच्याला उद्देशून 'तुम्ही'. ब्राझिली धड्यांवर पोर्तुगीज शिकलेले तो सर्रास वापरतात, पोर्तुगालमध्ये मात्र तो अनेकांना उर्मट वाटतो. सर्वनाम गाळून नुसतं क्रियापद वापरा, किंवा 'सेन्योर' आणि 'दोना' लावून नाव घ्या. पदवीधराला 'दोतोर' म्हणायची पद्धत अजून आहे, तिथे डॉक्टरकीचा संबंध नाही. वारांचाही गोंधळ होतो: सोमवार म्हणजे 'दुसरा', शुक्रवार 'सहावा'. भेट ठरवताना तारीखही लिहून द्या.

जेवायला बसलात की न मागता पाव आणि ऑलिव्ह येतात. ते फुकट नसतात. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, बिलात धरत नाहीत. 'पेरा' मागितलंत तर पेरू नव्हे, नासपती मिळेल. आणि उठताना 'पोसु पगार?' एवढंच म्हणा. पगार म्हणजे पैसे चुकते करणं. वेतनाला ते 'सलारियु' म्हणतात.