तोच रुपया, दोन ग्रेड

आजीच्या गाठोड्यातला निजामाच्या हैदराबादचा हाली रुपया, चारमिनारच्या कमानीत ‘ऐन’ हे उर्दू अक्षर असलेला, मी जालन्याहून ग्रेडिंगला, म्हणजे नाण्याची अवस्था तपासून आकडा देणाऱ्या कंपनीकडे, धाडला. आला एयू ५८, म्हणजे अगदी जेमतेम वापरलेलं. कंपनीची सीलबंद डबी फोडून पुन्हा पाठवला, तर एमएस ६१, म्हणजे न वापरलेलं! नाणं तेच, डोळा दुसरा.

पुन्हा पाठवायचंच असेल तर आधी एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू तिरकं करा. मिनारांच्या टोकांवर चमक तुटते का, बघा; तुटली तर ती झीज. तिथंच ५८ की ६०च्या वर, हा वाद असतो, मोजपट्टी ७०पर्यंत. डबी फोडण्याआधी लेबलासकट फोटो काढा. फोडली की जुना ग्रेड गेला, नवा खालीही येतो. फरकाच्या पैशातून फी, टपाल निघत नसेल तर राहू द्या. आणि चिंचेनं घासू नका हो, मग आकडाच मिळत नाही, नुसतं ‘साफ केलेलं’ असा शेरा.